रजिया सिस्टरची मास्तरीण

अमरावतीहून अकोल्याला जाणाऱ्या सकाळच्या बसमध्ये रजिया सिस्टर खिडकीशी बसल्या आणि बडनेरा मागे पडताच ओठांतल्या ओठांत पुटपुटू लागल्या. शेजारच्या बाईंना वाटलं, दुआ चालली असेल. बिचारीनं आपली पिशवी मांडीवर घेऊन त्यांना जागा करून दिली. मूर्तिजापूर आलं तरी पुटपुटणं थांबेना, तेव्हा तिला राहवलं नाही.

"बाई, कोनी बिमार हाय काय घरी?"

"नाई हो," रजिया सिस्टर हसल्या. "परीक्षा हाय."

"या वयात?"

"माही नाई. माह्या पोरीची."

पोरगी खरं तर त्यांची नव्हती. ती चांदूर बाजारच्या एका शेतकरी घरातली, आचल नावाची. पण रजिया सिस्टर तिला पोरगी म्हणत आणि ऐकणाऱ्यानं उगाच चौकशी केली तर सरळ सांगत, "पोटची नाई, हातची हाय."

ते खरंच होतं. अमरावतीत 'ओसरी' नावाची एक लहानशी संस्था आहे. ज्यांचा आजार आता बरा होणार नाही, अशा माणसांच्या घरी जायचं, त्यांचं दुखणं कमी करायचं, जखमा धुवायच्या, तोंड स्वच्छ ठेवायचं, घरच्यांना धीर द्यायचा, असं तिचं काम. दवाखान्यातली नोकरी सोडून रजिया सिस्टर तिथे आल्या, त्याला बरीच वर्षं झाली होती. आचल आली ती नर्सिंगचा अभ्यास संपवून थेट. पहिल्याच घरी एका म्हाताऱ्या बाईची जखम उघडली तशी ती पोरगी अंगणातल्या कडुलिंबाखाली जाऊन ओकली होती आणि परत येताना रडत म्हणाली होती, "सिस्टर, माह्याच्यानं होत नाई."

रजिया सिस्टरनी तिला पाण्याचा तांब्या दिला, तोंड धुऊ दिलं आणि पुन्हा आत नेलं. शिकवायची त्यांची एक रीत होती. चुकलं, असं त्या कधी म्हणत नसत. हात वर करत आणि म्हणत, "थांब. काय केलं तू आता?" पोरीनं आपल्या तोंडानं सांगायचं, काय केलं ते. सांगता सांगता चूक तिची तिलाच दिसायची. मग तेच काम पहिल्यापासून. औषधाची बाटली उलटी धरली, थांब. माणसाशी बोलायच्या आधी त्याच्या सुनेशी बोललीस, थांब. आचल वैतागून एकदा म्हणाली होती, "सिस्टर, तुमचा हात सिग्नलच्या लाल दिव्यासारखा हाय." पण ती शिकली. अशी शिकली, की आता ती दुसऱ्यांना शिकवणार होती.

आणि आज तिचीच परीक्षा होती. नर्सला नोंदणी चालू ठेवायची तर वरचेवर शिकत राहावं लागतं. या कामाचं शिक्षण घ्यायचं, तर वऱ्हाडातल्या बायांना मुंबई गाठावी लागायची. जायची गाडी, राहायची सोय, घरी लहान लेकरू, वर वरिष्ठ रजा देणार की नाही याची धाकधूक. निम्म्या जणी फॉर्म भरून घरीच राहायच्या. दूर जंगलात सेमाडोहकडे काम करणारी प्रणाली तर सलग तीनदा राहिली होती. म्हणून 'ओसरी'नं ठरवलं, शिक्षणच इकडे आणू. अकोल्यात दोन दिवसांचा वर्ग, आपल्याच भाषेत, आपल्याच माणसानं घेतलेला. पुण्याहून डॉ. नेने मॅडम येणार, मागे बसून पाहणार आणि अहवाल लिहिणार. त्यांनी आचलला शिकवण्याच्या लायक ठरवलं तर दरवर्षी हा वर्ग इथेच भरणार. नाही ठरवलं तर पुन्हा मुंबई.

रजिया सिस्टर या वर्गात विद्यार्थिनी म्हणून बसल्या होत्या. त्यांचीही नोंदणी संपत आली होती. काल पहिला दिवस चांगला गेला. आज दुपारी सगळ्यांत अवघड भाग होता. एकानं रोगी व्हायचं, एकानं नर्स, आणि भेटीचा प्रसंग खरा असल्यासारखा करून दाखवायचा. नेने मॅडम नेमकं हेच पाहायला आल्या होत्या. रजिया सिस्टरनी रात्रीच मनाशी ठरवून टाकलं होतं, की नर्सचं काम आपण मागून घ्यायचं. असं झकास करायचं, की पुण्याच्या बाईंनी तोंडात बोट घालावं आणि म्हणावं, वा, काय शिकवलंय आचलनं. पोरीला कुणी बोल लावायला जागाच ठेवायची नाही. बसमध्ये त्या पुटपुटत होत्या ते हेच.

वर्ग भरला होता एका जुन्या सभागृहात. कोपऱ्यात कूलर इतका मोठ्यानं गरजत होता, की मागच्या बाकावर शिकवणं कमी आणि वाऱ्याचं भाषण जास्त ऐकू यायचं. दुपारच्या जेवणात सांबारवडी होती. नेने मॅडमनी एक उचलली, उलटीपालटी केली आणि विचारलं, "यात सांबार कुठाय?"

"हे काय, हिरवं हिरवं," गजेंद्र म्हणाला. गजेंद्र मूर्तिजापूरचा, वर्गातला एकटा पुरुष नर्स. दोन दिवसांत त्यानं सगळ्यांना हसवून सोडलं होतं.

"ही तर कोथिंबीर."

"तुमच्याकडं कोथिंबीर, आमच्याकडं सांबार. अन् तुमचं सांबार आमच्याकडं हॉटेलात भेटते, मॅडम."

नेने मॅडम मनापासून हसल्या आणि त्यांनी आणखी दोन वड्या घेतल्या. रजिया सिस्टरना बरं वाटलं. पोट भरलेला माणूस अहवाल सढळ हातानं लिहितो, असा त्यांचा अनुभव होता.

जेवण झालं. आचलनं पुढे येऊन कूलर बंद केला. एकदम शांतता झाली आणि उन्हाची धग छतावरून खाली उतरली.

"रोगी कोन?" आचलनं विचारलं.

"मी हाय ना!" असं म्हणत शेषराव उठले. शेषराव अकोल्याचेच. तरुणपणी गावोगाव दंडारीत सोंगं घेऊन नाचलेले. त्यांची बायको पार्वताबाई 'ओसरी'च्या देखरेखीखाली वारली. तेव्हा हे दोघं लेकाकडं अमरावतीला राहत होते. त्यानंतर शेषराव संस्थेच्या कुठल्याही कामाला बोलावल्याबरोबर येत. टेबलं जोडून केलेल्या खाटेवर ते असे काही आडवे झाले, की प्रणाली चटकन उशी घेऊन धावली.

"काका, खरंच बिमार हाय काय?"

"अवो, दंडारीत मी चार डाव मेलो हाय," डोळे मिटूनच शेषराव म्हणाले. "सोंग घ्याचं तं पुरं घ्याचं."

प्रणालीला सुनेचं काम मिळालं. आचलनं नर्स कोण होणार असं विचारायच्या आधीच रजिया सिस्टरचा हात वर होता. आचल क्षणभर अडखळली. मग तिनं प्रसंग वाचून दाखवला. रोग्याला फुप्फुसाचा कर्करोग आहे. दिवस थोडे उरले आहेत. ही नर्स कित्येक महिने या घरी येते आहे. पण आता तिच्याकडे दुसरा भाग आला आहे, आणि आजची तिची इथली भेट शेवटची. यापुढे दुसरी सिस्टर येणार आहे.

रजिया सिस्टर उठल्या आणि दारातून आत आल्या. बघणाऱ्यांना पहिल्या क्षणापासून कळलं, की हे सोंग नव्हे. त्यांनी चपला काढल्या. आधी शेषरावांकडे गेल्या, सुनेकडे नाही. खाटेशी स्टूल ओढून त्यांच्या डोळ्यांच्या पातळीला बसल्या. कुठे दुखतं, कसं दुखतं, ठणकतं की जळतं, रात्री झोप लागली का, सगळं विचारलं, आणि प्रत्येक वेळी उत्तर पुरं होईपर्यंत थांबल्या. ओल्या कापसानं ओठ पुसले. पंखा तोंडासमोर कसा धरायचा, दम लागला तर उशा कशा रचायच्या, हे सुनेला करून दाखवलं आणि मग तिच्याकडूनही करून घेतलं. औषधाच्या वेळा तिच्या तोंडून वदवून घेतल्या. दाराशी गेल्यावर हळू आवाजात तिला सांगितलं, की माझा भाग बदलला, पुढच्या मंगळवारपासून दुसऱ्या सिस्टर येतील, त्यांचा नंबर हा, काही लागलं तर केव्हाही फोन कर. सून घाबरली तर तिच्या पाठीवरून हात फिरवला. मागे नेने मॅडमचं पेन भराभर चालत होतं.

मग रजिया सिस्टर खाटेकडे वळल्या, शेषरावांच्या हातावर हात ठेवला आणि वऱ्हाडात बायाही म्हणतात तसं प्रेमानं म्हणाल्या, "बरं काका, येतो."

वर्गानं टाळ्या वाजवल्या. गजेंद्रनं तर शिट्टीच मारली असती, पण नेने मॅडमकडे पाहून तोंडातली बोटं काढून घेतली. रजिया सिस्टरनी ऐटीत आचलकडे पाहिलं.

आचल टाळ्या वाजवत नव्हती. ती बाहीला घाम पुसत उभी होती. रजिया सिस्टर त्या चेहऱ्याला पुरत्या ओळखत होत्या. पोरीला काहीतरी दिसलं होतं. काय दिसलं, ते त्यांना कळेना. त्यांनी मनातल्या मनात सगळी भेट पुन्हा पाहिली. चपला, स्टूल, कापूस, पंखा. कुठेच काही नव्हतं. पण पोरीला दिसलं होतं, हे नक्की. आणि तिला बोलावं की बोलू नये, याचा पेच पडला होता, हेही नक्की. सगळा वर्ग टाळ्या वाजवतो आहे, पुण्याच्या मॅडम खूश दिसताहेत. आता नुसतं 'छान' म्हटलं की दिवस पार पडला. उलट बोललं तर कुणासमोर? जिनं तांब्याभर पाणी देऊन पुन्हा आत नेलं, तिच्यासमोर, भरल्या वर्गात.

बोल, रजिया सिस्टर मनात म्हणाल्या. काय असंल ते बोल. दिसलं अन् बोलली नाईस, तं तू मास्तरीण नाई.

आचलनं हात वर केला.

"थांबा, सिस्टर," ती म्हणाली. हात तिनं खाली घेतला नाही. "काय केलं तुमी आता?"

टाळ्या थांबल्या. रजिया सिस्टरच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या. खोटं कशाला सांगायचं, त्यांना राग आला. इतक्या वर्षांत त्यांना असं कुणी विचारलं नव्हतं. मग त्यांनी ओठ मिटले आणि जे आचलकडून करून घ्यायच्या तेच केलं. पहिल्यापासून एकेक सांगत गेल्या. शेवटी म्हणाल्या, "अन् मंग म्हटलं, बरं काका, येतो."

"तुमी परत येनार हाय काय?"

रजिया सिस्टरनी शेषरावांकडे पाहिलं.

"अवो आचलताई," गजेंद्र मध्येच बोलला, "मंग काय 'जातो' म्हणा लागते? बिमाराच्या घरातून 'जातो' म्हणत उठलं, तं त्याची बुढी लाटणं फेकून मारन."

"आमच्याकडं तं दुकानातूनबी 'येतो' म्हणूनच निंगते माणूस," प्रणाली म्हणाली. "चोरबी म्हणत असन."

वर्ग हसला. तीन-चार जणी एकदम बोलू लागल्या. हे काय भलतंच, ही बोलायची पद्धत आहे, 'येतो' म्हणजे काही वचन नव्हे, आजाऱ्यासमोर 'जातो' हा शब्दच अशुभ. सिस्टरनी सुनेला सगळं नीट सांगितलं, मग यात चूक काय? कुणीतरी म्हणालं, "एवढं चांगलं केलं, त्यात खोडी काढली." नेने मॅडमनी पेन खाली ठेवलं होतं. त्या आचलकडे पाहत होत्या, मदत न करता.

आचलनं कुणाशीच वाद घातला नाही. आवाज निवेपर्यंत ती उभी राहिली. मग खाटेकडे वळली.

"काका, तुमी खाटेवर होते. तुमाले काय ऐकू आलं?"

"मले?" शेषरावांनी एक डोळा उघडला. "सिस्टर येते, असं ऐकू आलं."

"कवा?"

"आता कवा ते... उद्या. नाई तं परवा. पन येते."

कुणीतरी हसलं. शेषराव हसले नाहीत. ते हळूहळू उठून बसले, टेबलावरून पाय खाली सोडले आणि त्यांचं सोंग उतरलं.

"सिस्टर, एक गोष्ट सांगू काय? राग मानू नका. तुमी आमच्यासाठी जे केलं, ते माह्या सख्ख्या बहिणीनं केलं नसतं." ते थांबले. "तुमी आमच्या घरून शुक्रवारी उठल्या का म्हणत, 'येतो पार्वताबाई.' आता तुमी मंगळवारी येता, हे मले मालूम, सुनेले मालूम. पार्वतेले कोनी सांगतलं? आमाले वाटे, तिले काय समजते आता. ती शनिवारी सांजच्याले सुनेले म्हणे, लुगडं बदलून दे, सिस्टर येऊन राहिली. रविवारी पुन्हा तेच. दाराकडं तोंड करून निजे. सून म्हणे, आई, कूस बदला, जखम वाढन. तं म्हणे, नाई, सिस्टर आली तं दिसली पाहिजे."

रजिया सिस्टरना पार्वताबाईंची डावी कूस आठवली. काही केल्या तिथली जखम भरत नव्हती. कूस बदलून देत नाही म्हणून त्या सुनेला दोनदा रागावल्या होत्या. सुनेनं मान खाली घालून ऐकून घेतलं होतं. आणि पार्वताबाई पलंगावरून त्यांच्याकडे पाहून हसत होत्या, आली बाई एकदाची, अशा समाधानानं. दिवस कळला असता, तर त्यांनी मंगळवारपर्यंत आरामात दुसरीकडे तोंड केलं असतं.

"तुमी कधी बोलले नाई मले, काका," त्या म्हणाल्या.

"बोलाचं काय त्याच्यात? तुमी चांगल्याच मनानं म्हणत. आज पोरीनं विचारलं, म्हणून सांगतलं."

रजिया सिस्टर खाली पाहत राहिल्या. आता आचल येईल, आपल्या गळ्यात पडेल, जाऊ द्या सिस्टर म्हणेल, असं त्यांना वाटलं. तसं तिनं केलं असतं तर त्या रडल्याही असत्या, आणि वर्ग तिथेच संपला असता. आचल आली. तिनं स्टूल उचललं, खाटेजवळ नीट ठेवलं आणि म्हणाली, "सिस्टर, उठण्याच्या आधीपासून पुन्हा करू."

रजिया सिस्टरनी वर पाहिलं. पोरीचे डोळे ओले होते, पण स्टुलावरचा हात पक्का होता. त्या क्षणी त्यांच्या कानांतली आग विझली. कडुलिंबाखालची ती पोरगी कुठे, आणि ही कुठे!

"काय म्हणू मंग?" त्यांनी विचारलं. आणि त्यांना खरंच ठाऊक नव्हतं.

"मलेबी एकच उत्तर मालूम नाई," आचल म्हणाली. "आपुन सगळे मिळून शोधू. सिस्टर, तुमी एक डाव करून पाहा."

रजिया सिस्टर बसल्या. शेषराव पुन्हा आडवे झाले. त्यांचा हात हातात घेऊन सिस्टर म्हणाल्या, "काका, मी आता उठतो. मी इथं परत येनार नाई."

शेषरावांनी ताडकन डोळे उघडले. "बापा! असं तं यमबी तोंडावर बोलत नाई!"

वर्ग खो खो हसला, रजिया सिस्टरही हसल्या, आणि हवेतला ताण सुटला. मग सूचना सुरू झाल्या. गजेंद्र म्हणाला, आधी कोण येणार ते सांगा, कोण येणार नाही ते मागून. प्रणाली म्हणाली, वार सांगा. माझी सासू वार कळला की दिवसभर शांत राहते. कुणी म्हणालं, 'येतो' म्हणायला हरकत नाही, पण खरंच येणार असलो तर आणि वारासकट. जी मघाशी खोडी काढली म्हणाली होती, तिनंच विचारलं, "पन सुनेले दाराशी हळू आवाजात काहून सांगतलं? खाटेजवळ काहून नाई?" आचल फक्त ऐकत होती आणि ज्याचं बोलणं अर्धं राही त्याला "मंग?" म्हणून पुढे ढकलत होती.

दुसऱ्या वेळी रजिया सिस्टरनी इतकं लांबण लावलं, की शेषराव घोरू लागले. तिसऱ्या वेळी त्यांनी स्टूल आणखी जवळ ओढलं. प्रणालीला, म्हणजे सुनेलाही, खाटेजवळच बसवलं.

"काका," त्या म्हणाल्या, "मंगळवारी तुमच्याकडं दुसऱ्या सिस्टर येतात. चांगल्या हायेत, मले माहीत हायेत. तुमाले कोन्या कुशीवर बरं वाटते, चहा कितीक गोड लागते, सगळं मी त्याईले सांगतलं हाय. माह्याकडं आता दुसरी गावं देली. म्हणून माहं इथलं येणं आज सरलं. पन आता मी बसली हाय. मले उठाची घाई नाई. तुमाले काही बोलाचं असन, तं बोला."

शेषराव छताकडे पाहत राहिले. ते सोंगात होते की नव्हते, कुणालाच सांगता आलं नसतं. मग ते म्हणाले, "तुमी आल्या, ते लय झालं, सिस्टर. बरं केलं तुमी सांगतलं. नाई तं मी वाट पाहत राह्यलो असतो."

रजिया सिस्टर थोडा वेळ तशाच बसून राहिल्या. मग उठल्या. 'येतो' त्यांच्या जिभेवर आलं होतं, ते त्यांनी तिथेच धरलं. शेषरावांनीच हात सोडला आणि म्हटलं, "या मंग."

या वेळी कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. प्रणाली पदरानं नाक पुसत होती आणि गजेंद्र खिडकीबाहेर पाहत होता.

नेने मॅडम मागून उठून पुढे आल्या. "पुण्यात आम्हीही 'येते' म्हणतो," त्या म्हणाल्या. "मी रोज माझ्या रुग्णांना म्हणते. उद्यापासून माझी पंचाईत करून ठेवलीत तुम्ही." मग त्या आचलकडे वळल्या. "एक विचारते. रजिया सिस्टर तुमच्या गुरू आहेत, हे मला काल कळलं. चूक नंतर एकांतात सांगता आली असती. सगळ्यांसमोर, मध्येच का थांबवलंत?"

आचलनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. वर्गासमोर इतका वेळ न डगमगलेली ती पोरगी आता मात्र लाजली.

"दुसरं कोनी असतं, तं मागून सांगतलं असतं, मॅडम. मोठ्या माणसाले चारचौघांत थांबवलं तं ते तिथंच बिनसते. पन सिस्टर थांबवलं तं थांबतात. मले मालूम होतं. त्याईनंच शिकवलं, थांबाले काही लाज नाई. ते साऱ्यांनी पाहावं असं वाटलं."

रजिया सिस्टरनी चष्मा काढला आणि तो स्वच्छ असूनही ओढणीनं पुसत बसल्या.

"माझा अहवाल मी आजच पाठवते," नेने मॅडम म्हणाल्या. "हा वर्ग दरवर्षी इथंच भरावा आणि आचल यांनीच घ्यावा, असं मी लिहिणार आहे. सूचना एकच आहे. तो कूलर बदला."

मग मात्र गजेंद्रनं शिट्टी मारलीच. प्रणालीनं तिथल्या तिथे फोन काढला आणि सेमाडोहला कुणाला तरी ओरडून सांगू लागली, की आता मुंबईला जायचं कामच नाही, पुढच्या साली तूही चल, दोन दिवसांत परत घरी. शेषराव उठून चार पावलं दंडारीसारखी नाचले आणि कंबर धरून बसले.

शेवटी प्रमाणपत्रं वाटायची होती. त्यावर शिकवणाऱ्याची सही लागते. आतापर्यंत ती जागा मोकळी ठेवली होती, कारण सही कोणाची, हे अहवालावर अवलंबून होतं. नेने मॅडमनी आपलं पेन आचलच्या हातात दिलं. गठ्ठ्यात सगळ्यांत वर रजिया सिस्टरचं प्रमाणपत्र होतं. ते पाहून आचलनं पेन टेबलावर ठेवलं.

"सिस्टर, तुमच्यावर नाई मी सही करत. तुमच्यावर मॅडम करतीन."

"काहून?"

"कसं तरी वाटते."

"वाटू दे," रजिया सिस्टर म्हणाल्या. त्यांनी पेन उचलून पुन्हा तिच्या बोटांत दिलं. "दोन दिवस मले कोनं शिकवलं? मॅडमनं? कर सही. अन् दवाखान्यातल्यासारखी गिचमीड करू नको बेटा. पुरं नाव लिही. वाचता आलं पाहिजे."

आचलनं सही केली. मास्तरीण म्हणून तिची ती पहिली सही. तिनं इतकी जपून काढली, की पहिलीतल्या पोरानं पाटीवर नाव गिरवावं तशी दिसत होती.

रजिया सिस्टरचे यजमान अब्दुल सत्तार यांचं अमरावतीत घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे. त्यांच्या मागच्या भिंतीवर फक्त घड्याळं टांगलेली असतात, दुसरं काही लावायला जागा नाही. सिस्टरना आजवर मिळालेली प्रमाणपत्रं, दोन मानपत्रंसुद्धा, घरी गादीखाली सपाट होऊन पडलेली. हे एक मात्र त्यांनी आल्या आल्या दुकानात नेलं आणि म्हणाल्या, याला चौकट करा आणि इथे लावा, गिऱ्हाइकाला दिसेल असं.

सत्तारभाईंनी डोळ्याला लावलेलं भिंग तसंच ठेवून कागद जवळ धरला. "कमाल है. अब तक इतने सर्टिफिकेट आए, एक भी नहीं टांगा. इसमें ऐसा क्या है?" मग ओळीवरून बोट फिरवत म्हणाले, "आणि तुझं नाव तर केवढं बारीक छापलंय. खालची सहीच मोठी दिसते."

"तेच वाचा," रजिया सिस्टर म्हणाल्या. "मोठ्यानं वाचा."

त्यांनी वाचलं. शेजारच्या दुकानातला पानवाला डोकावला, कोण ही, म्हणून विचारू लागला. रजिया सिस्टरनी स्टूल ओढलं, ऐसपैस बसल्या आणि त्याला पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.